पहिलं कार्ड अरिहंतला

शहादा
१२ सप्टेंबर २०२४

अरिहंतभाई,
जय जिनेंद्र.

संवत्सरीचं छापील कार्ड सोबत आहे. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी, मिच्छामि दुक्कडम्, हे सगळं त्यावर सोनेरी अक्षरांत आहे, ते वाचून घे. आईच्या हट्टाने यंदाही पहिलं कार्ड तुझंच लिहिलं. त्र्याऐंशीव्या वर्षीही तिचं एकच पालुपद, आधी अरिहंतला, मग बाकीच्यांना. तिचं मन मोठं आहे. माझं नाही, म्हणून हा कागद वेगळा. फोनवरच बोलले असते, पण गेल्या दिवाळीपासून तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस.

मागच्या आठवड्यात माझ्या लेकीने मला तिच्या फोनवर एक जाहिरात दाखवली. जुनी कॉमिक्स जमवणाऱ्या लोकांचा एक गट आहे. हे लोक म्हणे अजूनही शोधत असतात, कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी माळ्यावर, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा साठा तसाच पडून असेल म्हणून. त्या गटावर एकाने ‘कप्तान वादळ’चा पहिला अंक विकायला काढला होता. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात जांभळा शिक्का होता: ‘भीकमचंद कॉमिक्स वाचनालय, खांडबारा स्टेशन. पान उलटताना थुंकी लावू नये.’

बापूजींचा शिक्का मी झोपेतही ओळखीन. स्टेशनबाहेरच्या त्या लाकडी केबिनमध्ये त्यांच्या मांडीवर बसून मी शाळेत जायच्या आधी वाचायला शिकले, ते त्याच अंकांवर. आणि तुला माहीत आहे, पहिले अंक बापूजी कधीच भाड्याने देत नसत. ते पत्र्याच्या ट्रंकेत असायचे, कडुलिंबाच्या पाल्यात. बापूजी गेले आणि दोन महिन्यांत ती ट्रंक रिकामी सापडली. कुलूप शाबूत होतं. किल्ली शाळा सुटल्यावर केबिनवर बसणाऱ्या पुतण्याकडे होती, म्हणजे तुझ्याकडे.

विकणाऱ्याने नाव दिलेलं नाही, फक्त ‘नंदुरबार जिल्हा’ एवढंच लिहिलं आहे. तू चौतीस वर्षं थांबलास, याचं मात्र कौतुक वाटलं. बाकीचे अंक कुठे आहेत ते सरळ सांग. मला ते विकायचे नाहीत. ते माझ्या बापाचे आहेत आणि मला हवे आहेत.

नेहल


खांडबारा
२१ सप्टेंबर २०२४

नेहल,

तुझं कार्ड दरवर्षी सगळ्यांच्या आधी येतं. दरवर्षी मी समजतो की चोराची आठवण ताजी ठेवायची तुमच्या घरची ही रीत आहे. यंदा कार्डाबरोबर शिवी पण आली, तेवढा आडपडदा गेला.

मी काकाजींचा एकही अंक घेतला नाही. चौदाव्या वर्षी सांगितलं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सांगतो. त्या वर्षीची ज्ञानपंचमी तू विसरली असशील, मी नाही. उपाश्रयात पाटांवर पोथ्या मांडल्या होत्या, सगळा संघ जमला होता. पिताजींनी माझी मानगूट धरून मला पुढे नेलं आणि म्हणाले, ठेव ज्ञानावर हात. मी लाल कापडात बांधलेल्या पोथीवर हात ठेवला आणि म्हणालो, मी चोरी केली नाही. तर बायकांतून कुणीतरी बोललं, बघा, ज्ञानावर हात ठेवून खोटं बोलतो. त्या दिवसापासून मी एका नाही, दोन पापांचा धनी झालो. पिताजींनी मला शाळेतून काढलं आणि राजस्थानात, पालीला मामाच्या दुकानात धाडलं. तीन वर्षं तिथे मी पोती उचलली.

आणि तुझा नवरा! प्रत्येक लग्नात माझ्या समोर ओरडतो, “ट्रंका सांभाळा रे, अरिहंतजी आले!” सगळे हसतात. तूही हसतेस. म्हणून तुझा नंबर बंद केला.

माझ्या लेकीसाठी, सोनमसाठी, शहाद्यातलं एक स्थळ चालू आहे. मुलाची आई तुझ्या नणंदेची जाऊ लागते. तिथे तोंड उघडू नकोस, एवढीच विनंती. तिने तुमची कुठलीच ट्रंक उघडलेली नाही.

अरिहंत


शहादा
२ ऑक्टोबर २०२४

अरिहंतभाई,

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या. मी अंक मागितले, तू मला तुझं बालपण पाठवलंस.

माझं बालपणही ऐक. बापूजी गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आई महिनोन्महिने कोपऱ्यात बसून होती, कुणाशी बोलत नव्हती. मी रोज ट्रंकेपाशी जायचे. बापूजी गेले नाहीत, आत आहेत, असं मनाशी म्हणायचे. ज्या दिवशी झाकण उघडलं आणि खाली नुसता पाला दिसला, त्या दिवशी माझा बाप मेला. हे तू घेतलंस.

पुढे आईला सांभाळायची वेळ आली तेव्हा खांडबाऱ्याचे दीर-पुतणे कुठे होते? लेकीच्या घरी राहते म्हणून तिला किती ऐकावं लागलं. तरी ती तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलत नाही. उलट मी काही बोलले की उठून आत जाते.

सोनमच्या स्थळाचं म्हणशील तर मी आपणहून कुणाच्या दारात जाणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलायची मला सवय नाही. कर नाही त्याला डर कशाला?

नेहल


खांडबारा
१४ ऑक्टोबर २०२४

नेहल,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी त्या गटावर निरोप टाकला, आणि विकणाऱ्याने पत्ता दिला. लोणखेडा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. तुझ्या दारातून रिक्षाने दहा मिनिटं. तेवढं जाऊन विचारायच्या आधी तू साठ किलोमीटर लांब बसलेल्या माणसाला चोर ठरवलंस.

रविवारी मी जाऊन आलो. माणसाचं नाव गोकुळ पाटील, वडील रेल्वेत पॉइंट्समन, खांडबारा स्टेशनला होते. मी कोण ते सांगितल्यावर तो बिचारा घाबरला. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहितो.

“मन्हा बापना पाय मोडेल व्हता. चिंचपाडाना दवाखानामा पडेल व्हता. भीकमचंदशेठ सोता ऊनात नी दहा पुस्तकं दिसन गयात. म्हनेत, वाच, येळ जाई. परत करानं ऱ्हाईच गयं, नी मंग शेठच गयात. नऊ पुस्तकं उंदीरनी खादात, एकच वाचनं. तुमनं शे तर लई जा, दादा. पन माले चोर म्हनू नका.”

मी अंक घेतला नाही. उलट त्याची माफी मागून आलो. काकाजी पहिले अंक भाड्याने देत नसत, हे तुझं बरोबर. पण मोडक्या पायाच्या पॉइंट्समनला फुकट देत असत. तुला तुझा बाप पुरता माहीत नव्हता.

आता माफी माग. छापील कार्डावर नको. शहाद्याला त्या मुलाच्या आईला भेट आणि सांग की अरिहंतवर घेतलेला आळ खोटा होता.

अरिहंत


शहादा
२२ ऑक्टोबर २०२४

अरिहंतभाई,

गोकुळ पाटलाकडे मीही जाऊन आले. तो खरं बोलतो आहे. तो एक अंक तू विकलेला नाहीस, हे मान्य.

पण एका अंकाने ट्रंक भरत नाही. शंभराच्या वर अंक होते त्यात. ते कुठे गेले? गोकुळच्या बापाचा मोडलेला पाय तुला तिथे सोडवत नाही.

तुझ्या शपथेचं म्हणशील, तर मी तिथेच होते, बायकांच्या मागे. तू बांधलेल्या पोथीच्या कापडावर हात ठेवला होतास. कापडावरची शपथ कापडाला. यंदा सहा नोव्हेंबरला ज्ञानपंचमी आहे. उपाश्रयात चातुर्मासाला साध्वीजी आहेत असं कळलं. त्यांच्यासमोर, संघासमोर, उघड्या पोथीवर हात ठेव आणि तेच शब्द बोल. मी ऐकायला येईन. तसं केलंस तर मुलाच्या आईकडे मी स्वतः जाईन आणि तुझी बाजू सांगेन.

नाही केलंस तर मी काय ते समजेन. तेही समजतील.

नेहल


खांडबारा
८ नोव्हेंबर २०२४

नेहल,

तू आली नाहीस. आईला ताप आला असा निरोप मिळाला. तू म्हणालीस तसं मी सगळं केलं, आणि काय झालं ते आता वाच.

तुला माहीत आहे, आपल्याकडे आगमाची पोथी गृहस्थाने सोडायची नसते. बांधलेलीच पाटावर ठेवायची, वासक्षेपाची चंदनपूड वाहायची, नमस्कार करायचा आणि परत कपाटात. खांडबाऱ्याचं ज्ञानभांडार म्हणजे एक कपाट, त्यात सात पोथ्या. माझ्या आठवणीत त्यातली एकही कुणी उघडलेली नाही. मी साध्वीजींना सगळी हकीगत सांगितली. त्या म्हणाल्या, तुम्ही सोडू नका, मी सोडते.

मी म्हणालो, चौदाव्या वर्षी ज्या पोथीवर हात ठेवला तीच सोडा. टोकाची, सगळ्यांत जाड. साध्वीजींनी गाठ सोडली. कापड इतकं जुनं होतं की हाताला लाल रंग लागला. आत पिवळं कापड, त्याच्या आत वर्तमानपत्र, त्याच्या आत कडुलिंबाच्या पाल्याचा भुगा.

आणि त्याच्या खाली, रंगीत मुखपृष्ठावर, मंगळावर हत्ती घेऊन निघालेला माहुत.

साध्वीजींनी मुहपत्तीचं कापड तोंडाशी धरलं. त्या हसल्या की रडल्या, मला कळलं नाही. सगळा संघ पुढे सरकला. शेजारची पोथीही सोडली, तिच्यातही तेच. एकशे बारा अंक, नेहल. प्रत्येकावर जांभळा शिक्का. थुंकी लावू नये. इतकी वर्षं मी त्यांच्यापुढे डोकं टेकत होतो. तुझ्या नवऱ्यानेसुद्धा टेकलं आहे.

मी उघड्या पोथीवर हात ठेवला आणि तेच शब्द बोललो. चौदाव्या वर्षीही माझा हात त्यांच्यावरच होता. मी खरं बोलत होतो, आणि हाताखाली तेच होते.

अरिहंत


शहादा
१६ नोव्हेंबर २०२४

अरिहंतभाई,

अंक सापडले हे वाचून मी देव्हाऱ्यासमोर जाऊन रडले, हे खोटं सांगत नाही. पण डोळे पुसल्यावर डोकं चालायला लागलं. ज्ञानभांडाराची किल्ली गेली बारा वर्षं कुणाकडे आहे? तुझ्याकडे. सात पोथ्यांतून नेमकी तीच सोडायला तू सांगितलंस. सापडायची वेळही कशी, सोनमचं स्थळ अडलं तेव्हा. संघ भोळा आहे, मी नाही. ठेवणाऱ्यालाच ठेवा सापडतो.

अंक घ्यायला मी पुढच्या आठवड्यात गाडी पाठवते.

नेहल


खांडबारा
२३ नोव्हेंबर २०२४

नेहल,

गाडी पाठवू नकोस. ज्ञानाला अर्पण केलेली वस्तू परत घेता येत नाही, तुला नाही आणि मलाही नाही. साध्वीजींनी तसं सांगितलं आहे.

सोबत एका चिठ्ठीची झेरॉक्स आहे. पिवळ्या कापडाच्या घडीत सापडली. लगेच पाठवली नाही, कारण मला वाटलं होतं तू एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेवशील. तारखेच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान आहे, १९९० सालचं, त्या ज्ञानपंचमीच्या आदल्या दिवसाचं. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि भांडाराची किल्ली माझ्या हाताला लागणं शक्य नव्हतं. पानाच्या मागे मारवाडीत लिहिलं आहे: ‘गुप्तदान. उणां री आत्मा रे कल्याण सारू. नाम लिखणो नहीं.’

अक्षरांना वरची रेघ नाही. असं रेघेवाचून कोण लिहितं, ते मी सांगत नाही. तू ओळख आणि मला लिही. ट्रंकेची दुसरी किल्ली कुणाकडे असणार, तेही आपण कुणी कधी विचारलं नाही.

अरिहंत


शहादा
५ डिसेंबर २०२४

अरिहंतभाई,

चिठ्ठी पाहिली. अक्षर माझ्या ओळखीचं नाही. त्या काळात पुष्कळ लोक वरच्या रेघेवाचून लिहीत.

आईची तब्येत बरी नसते. तिला या भानगडीत ओढू नकोस.

नेहल


खांडबारा
१९ जानेवारी २०२५

नेहल,

सोनमचं स्थळ मोडलं. मुलाच्या आईने तुला विचारलं होतं म्हणे, आणि तू म्हणालीस, “मला काही सांगायचं नाही.” ज्या माणसाबद्दल त्याच्या घरच्यांना काही सांगायचं नसतं, त्याच्याबद्दल सगळं सांगून झालेलं असतं.

सोनमने विचारलं, पप्पा, तुम्ही खरंच काही केलं होतं का? माझ्या लेकीने मला विचारलं.

यापुढे पत्र नको. कार्ड तर नकोच.

अरिहंत


शहादा
२९ ऑगस्ट २०२५

अरिहंतभाई,

तू नको म्हणालास तरी लिहिते. सोबत कार्ड नाही.

परवा संवत्सरीचं प्रतिक्रमण झालं. मी कार्डांचा गठ्ठा घेऊन बसले. आई पलंगावरून म्हणाली, “पैली चिट्ठी अरिहंत ने लिख.” आता तिला माझं नाव दोनदा विचारावं लागतं, पण हे ती विसरत नाही. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, दरवर्षी आधी त्यालाच का?

तिने सगळं सांगितलं. बापूजी गेल्यावर रद्दीवाला दारात आला होता. छापलेला कागद रद्दीत जाईल, त्यावर कुणी भजी खाईल, कुणी पाय देईल, आणि ती ज्ञानाची आशातना, तो अवमान, बापूजींच्या आत्म्याला लागेल, अशी तिला भीती वाटली. तिच्या लेखी शिक्का असलेलं ते प्रत्येक पान ज्ञान होतं. केबिनमधलं लाल कापड फाडून तिने पोथ्या बांधल्या आणि ज्ञानपंचमीच्या तयारीसाठी कपाट उघडं होतं तेव्हा पदराखाली धरून दोन खेपांत भांडारात ठेवल्या. गुप्तदान बोललं की पुण्य जातं, म्हणून बोलली नाही.

मी विचारलं, अरिहंतला पुढे ओढलं तेव्हा? ती म्हणाली, “म्हैं उठेइज ऊभी ही. सोच्यो, छोरे ने दो थप्पड़ पड़सी, भूल जासी. बोल देती तो थारा बापूजी रो पुण्य जातो रेवतो.” म्हणजे ती तिथेच उभी होती. मग म्हणाली, तो विसरला नाही ना?

आता माझं. चिठ्ठी पाहिली त्याच क्षणी मी ते अक्षर ओळखलं होतं. माझ्या शाळेच्या डब्यातल्या चिठ्ठ्या त्याच अक्षरात असायच्या. मी तुला खोटं लिहिलं. तिला विचारायचं धाडस नव्हतं. ती हो म्हणाली असती तर एवढी वर्षं मी कुणाचा राग राग केला, हा प्रश्न आला असता. म्हणून मी गप्प बसले, आणि त्यात सोनमचं स्थळ गेलं. आईने ते पुण्यासाठी केलं. मी माझ्या तोऱ्यासाठी केलं.

मी नवऱ्याला सांगितलं आहे. तो आता तुझ्यासमोर तोंड उघडणार नाही. मुलाच्या आईकडेही मी काल जाऊन आले. तिने ऐकून घेतलं, पण त्यांनी दुसरीकडे ठरवलं आहे.

पहिलं कार्ड म्हणजे आईची माफी होती. तिला तेवढंच जमत होतं. मी तिला जमलं तेवढंही केलं नाही. माझी चूक झाली, अरिहंतभाई. मला माफ कर.

नेहल


खांडबारा
१० सप्टेंबर २०२५

नेहल,

काकीसाला सांग, मी माफ केलं. तिने नवऱ्यासाठी केलं, आणि दरवर्षी माझ्याकडे माफी मागत राहिली. मला ती वाचता आली नाही, यात थोडी चूक माझीही आहे. तिला सांग की पुण्य गेलेलं नाही. तिने नाव सांगितलेलं नाही, पोथी आपण होऊन उघडली.

तुला मात्र मी माफ केलेलं नाही. अकरा वर्षांच्या मुलीवर मला राग नाही. राग आहे तो पंचेचाळीस वर्षांच्या बाईवर, जिने अक्षर ओळखलं, माझ्या लेकीचं स्थळ मोडताना पाहिलं आणि नऊ महिने तोंड मिटून बसली. बंद पाकिटातली माफी मला नको. माझ्यावर आळ चारचौघांत घेतला होता.

एकशे बारा अंक परत लाल कापडात बांधले आहेत. साध्वीजी म्हणाल्या, ज्या भक्तिभावाने ठेवले त्या भावनेने ते ज्ञानच आहेत, असू देत. मुंबईहून दोन शौकीन येऊन गेले, जुनी कॉमिक्स कुठे मिळतील का विचारत. मी त्यांना सांगितलं, इथे फक्त पोथ्या आहेत.

येत्या सव्वीस ऑक्टोबरला ज्ञानपंचमी आहे. काकीसाला घेऊन ये. त्याच पोथीवर हात ठेव आणि सगळ्यांसमोर बोल, सोनम पहिल्या ओळीत बसलेली असेल. मग माझं काय ते मी तिथेच सांगेन.

पूजा सकाळी नऊला सुरू होते. काकीसाला पायऱ्या चढवत नाहीत, मी खाली खुर्ची ठेवतो.

अरिहंत